हँडीकॅमचा ५.१ आवाज डीव्हीडीवर नेताना चार स्पीकर मुके होतात

मृद्गंधा

नमस्कार मंडळी.

घरातल्या जुन्या शूटिंगची एक डीव्हीडी करायला घेतली आहे. आजीचं सहस्रचंद्रदर्शन आणि त्याच वर्षीची विसर्जन मिरवणूक हे दोन्ही हार्डडिस्कवाल्या सोनी हँडीकॅमवर आहे. कॅमेऱ्यावर डॉल्बी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनेल) असं छापलेलं आहे, फायली एमटीएस (कॅमेऱ्याचा स्वतःचा व्हिडिओ प्रकार) आहेत. शिवाय आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस (कॅप्चर करून घेतली आहे) आणि आतेभावाच्या मुंजीची एक मिनीडीव्ही टेप. सगळं मिळून दोन तासांच्या आत बसतं.

एडिटरमध्ये हँडीकॅमचा भाग जोडून, वर थोडं सनईचं संगीत टाकून चाचणीची तबकडी राइट केली आणि मामाकडे लावली. त्याच्या रिसीव्हरवर (प्लेअरकडून आवाज घेऊन स्पीकरांना वाटणारा डबा) डॉल्बी डिजिटलचा दिवा लागतो, डिस्प्लेवर सहाही चॅनेलच्या चौकटी उजळतात, पण सेंटर आणि मागचे दोन्ही स्पीकर मुके. सबवूफरही गप्पच. शिवाय आवाज एकूणच हळू, नेहमीच्या डीव्हीडीपेक्षा बराच वर न्यावा लागतो. एक्स्पोर्ट करताना ५.१ आणि ४४८ केबीपीएस निवडलं होतं. मग सहा चॅनेल गेले कुठे?

टिचकी

विसर्जन मिरवणूक आणि डॉल्बी एकत्र वाचून वाटलं की परत तोच डीजेबंदीचा धागा. पॉपकॉर्न परत ठेवतो.

खुडबुड्या

एवढा खटाटोप कशाला? एमटीएस फायली आहेत तशा पेनड्राइव्हवर टाका आणि टीव्हीला लावा. डीव्हीडी करताना १०८० चं ५७६ होतं, म्हणजे चित्राची वाटच.

मृद्गंधा

@खुडबुड्या, पटतं. पण मामाचं वय ७४, रिमोट एकच, आणि त्याला हातात धरता येईल अशी तबकडी हवी. मूळ फायली दोन हार्डडिस्कांवर ठेवल्या आहेतच. प्रश्न फक्त आवाजाचा आहे.

कानसेन

मीडियाइन्फो उतरवून घ्या (फाइलीत काय आहे ते दाखवतं, फुकट आहे) आणि त्यात दोन फायली उघडा: कॅमेऱ्यातली एक मूळ एमटीएस आणि तुमच्या डीव्हीडीतली एक व्हॉब (डीव्हीडीवर चित्र आणि आवाज ज्यात असतात ती फाइल). मूळ फाइलीत ऑडिओखाली एसी-३ (डॉल्बी डिजिटलचंच तांत्रिक नाव), ६ चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ असं दिसायला हवं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याचा ऑडिओ मोड स्टीरिओवर असेल तर २ दिसतील आणि विषय तिथेच संपला. व्हॉबमध्ये ६ दिसतीलच, कारण तुम्ही तसं मागितलंत. पण चॅनेल असणं वेगळं आणि त्यात आवाज असणं वेगळं.

माझा संशय टाइमलाइनवर आहे. एडिटरचं प्रोजेक्ट स्टीरिओ असेल तर एमटीएस आत येताक्षणी सहाचे दोन होतात. पुढे एक्स्पोर्टमध्ये ५.१ निवडलं की सॉफ्टवेअर त्या दोघांना समोरच्या डाव्या-उजव्यात बसवतं आणि उरलेल्या चार जागी शांतता लिहितं. एफएफएमपेगला (कमांडने चालणारा फुकट रूपांतरक) स्टीरिओ देऊन सहा चॅनेल मागितलेत तर तोही हेच करतो. गाडीला चार रिकामे डबे जोडले तर गाडी लांब दिसते, प्रवासी तेवढेच राहतात.

आणि हे नुसतं निरुपयोगी नाही, नुकसानीचं आहे. साधा २.० (म्हणजे स्टीरिओ) एसी-३ गेला असता तर मामांच्या रिसीव्हरने प्रोलॉजिक २ (स्टीरिओतून सराउंड काढायची डॉल्बीची पद्धत) लावून सेंटर आणि मागचे स्पीकर स्वतः भरले असते. प्रवाहावर ५.१ लिहिलेलं दिसलं की त्याला वाटतं, सहा चॅनेल कोणीतरी विचार करून भरले आहेत, आपण कशाला हात लावा. म्हणजे खोट्या ५.१ पेक्षा खरा स्टीरिओ मामांच्या हॉलमध्ये जास्त भरून ऐकू आला असता.

प्रीमियर हा एडिटर वापरत असाल तर सिक्वेन्स बनवतानाच मास्टर ५.१ निवडावा लागतो. वेगासमध्ये प्रोजेक्टच्या ऑडिओ गुणधर्मांत ५.१ सराउंड करा आणि मग क्लिपा आत आणा.

सोल्डरगन

वरच्याला +१. हळू आवाजाचं कारण मात्र वेगळं आहे, किंबहुना दोन आहेत आणि ते एकमेकांवर चढले आहेत.

पहिलं, सहाचे दोन करताना बेरीज फाटू नये म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर पातळी आपोआप उतरवतात. तुमचं एकदा ते झालं.

दुसरं म्हणजे डायलनॉर्म. एसी-३ च्या प्रत्येक फ्रेमच्या हेडरमध्ये पाच बिटांची ही नोंद असते, उणे १ ते उणे ३१ डेसिबल. कार्यक्रमातलं बोलणं सरासरी कुठल्या पातळीवर आहे हे ती डीकोडरला सांगते, आणि डीकोडर सगळ्याच कार्यक्रमांना उणे ३१ च्या पट्टीत आणतो. नोंद उणे ३१ असेल तर आवाज जसाच्या तसा येतो. उणे २७ असेल तर डीकोडर ४ डेसिबल कमी करून वाजवतो, तुम्हाला न विचारता. वेगासच्या एसी-३ टेम्प्लेटमध्ये नेमकं उणे २७ असतं आणि जोडीला फिल्म स्टँडर्ड नावाचं कॉम्प्रेशन (मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करणं). स्टुडिओत मोजून मिक्स केलेल्या सिनेमाला ते बरोबर आहे. आपल्या आजीचं बोलणं कुणी मोजलेलं नसतं. घरगुती कामाला उणे ३१ आणि कॉम्प्रेशन 'नाही' हे ठेवायचं. एफएफएमपेगचा स्वतःचा डिफॉल्ट उणे ३१ च आहे, तिथे ही भानगड नाही.

मृद्गंधा

मीडियाइन्फोने कोडं सोडवलं. मूळ एमटीएसमध्ये एसी-३, ६ चॅनेल, ४४८. व्हॉबमध्येही ६, डायलॉग नॉर्मलायझेशन उणे २७. टाइमलाइन स्टीरिओच होती. म्हणजे दोघांचेही अंदाज तंतोतंत.

आता ५.१ प्रोजेक्ट करून पुन्हा एक्स्पोर्ट करू का?

कानसेन

थांबा, त्याआधी एक. परत एन्कोड करायचंच कशाला?

एव्हीसीएचडी हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणला. त्यात चित्र एच.२६४ चं, पण आवाज एसी-३ किंवा एलपीसीएम (न दाबलेला आवाज). डीव्हीडीतही एसी-३ चालतोच. म्हणजे चित्राचं एमपेग-२ करावं लागेल, ७२० बाय ५७६ मध्ये बसवावं लागेल, ते अटळ आहे. आवाज मात्र कॅमेऱ्यातून निघाला तसाच तबकडीवर उतरू शकतो. अटी दोन: ४८ किलोहर्ट्झ असावा, आणि ४४८ केबीपीएसच्या वर नसावा. एसी-३ स्वतः ६४० पर्यंत जातो पण डीव्हीडीचं कुंपण ४४८ ला आहे. तुमचा दोन्हीत बसतो. डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटलच्या गुणधर्मांत ऑडिओपुढे 'कॉपी' निवडा, झालं. एफएफएमपेग वापरणाऱ्यांनीही ऑडिओ कोडेक म्हणून कॉपीच द्यायचा.

एसी-३ उलगडून पुन्हा एसी-३ केला की दर वेळी थोडं झिजतं. ४४८ ला ते एकदा झालं तर कानाला कळणारही नाही कदाचित, पण टाळता येत असताना का सोसा?

कॉपी करताना छाटणी कुठेही करता येत नाही एवढं लक्षात ठेवा. एसी-३ ची एक फ्रेम १५३६ नमुन्यांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला बरोबर ३२ मिलिसेकंद. चित्राची फ्रेम ४० ची. दोन्हींच्या कडा जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक तुकड्याशी आवाज काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. एका तुकड्यात ते जाणवत नाही. बारीक बारीक पन्नास तुकडे जोडणार असाल तर कॉपीचा नाद सोडा.

मृद्गंधा

मिरवणुकीची क्लिप सलग आहे पण कॅमेऱ्याने तिच्या आपोआप तीन फायली केल्या आहेत. जोडल्यावर दर जोडावर 'टप्' असा खंड पडतो, ताशाच्या नेमक्या उठावावर.

सोल्डरगन

कार्डावरच्या किंवा हार्डडिस्कवरच्या फाइलसिस्टीमच्या मर्यादेमुळे कॅमेरे २ किंवा ४ जीबीला फाइल तोडतात. तोडताना फ्रेमच्या मध्येच तोडतात, त्यामुळे तुकडे वेगवेगळे रूपांतरित करून मग जोडले की त्या अर्धवट फ्रेमा दोन्हीकडून गळतात. उपाय उलटा: आधी एमटीएस फायली बाइटला बाइट लावून एक करा, मग रूपांतर करा. विंडोजच्या कमांड खिडकीत कॉपीला बायनरीचा 'बी' पर्याय देऊन, फायलींच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकून हे होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर वापरून आयात केलीत तर तेही हे जोडकाम करतं.

ही युक्ती एकाच सलग शूटिंगच्या तुकड्यांनाच. वेगवेगळ्या क्लिपांना लावू नका.

टोला

ढोल पथकात वाजवतो म्हणून विचारतो. ही अशी रेकॉर्डिंग ऐकली की ढोल कधीच ढोलासारखा वाटत नाही, ताशाच तेवढा कानात जातो. सहावा चॅनेल सबवूफरचाच आहे ना, मग ढोलाचा खालचा आवाज वेगळा काढून त्यात भरला तर? छातीवर ठोका बसला पाहिजे राव.

कानसेन

भावना पोचली. पण करू नका.

एलएफई म्हणजे सबवूफर नव्हे. तो १२० हर्ट्झच्या खालचा एक जादा चॅनेल आहे, आणि प्लेबॅकमध्ये त्याला १० डेसिबल वाढवून वाजवतात. स्फोट, भूकंप, विमानं यांच्यासाठी. पुढच्या स्पीकरांतला खर्ज सबवूफरकडे पाठवायचं काम रिसीव्हरचं बास मॅनेजमेंट करतं, स्पीकर 'स्मॉल' असे सेट केले की. म्हणजे ढोलाचा खर्ज मुख्य चॅनेलांत राहिला तरी मामांचा सबवूफर वाजणारच.

खरा धोका पुढे आहे. हीच तबकडी कुणी साध्या टीव्हीला लाल-पांढऱ्या वायरीने जोडून लावली तर प्लेअर सहाचे दोन करतो आणि त्या वेळी एलएफई सरळ टाकून देतो. तुम्ही ढोल तिथे हलवला असलात तर टीव्हीवर पथक ताशाचंच उरेल.

ढोल बारीक ऐकू येतो याचं कारण बरंचसं कॅमेऱ्यातच आहे. आपोआप पातळी सांभाळणारं सर्किट ताशाचा कडकडाट आला की सगळंच दाबतं. पुढच्या विसर्जनाला सोनीच्या हँडीकॅमच्या मेनूत माइकची संदर्भ पातळी 'लो' करून शूट करा, बराच फरक पडतो. आणि पथकापासून थोडं लांब उभे राहा, ढोलाच्या तोंडाशी कॅमेरा धरून काही मिळत नाही.

टोला

लांब कसला राहतो, मी वाजवत असतो. कॅमेरा भावाकडे. पण सांगतो त्याला.

रेवडी

माझाही प्रश्न याच धाग्यात घुसवते. मी सगळं कॉपी केलं, मीडियाइन्फोत सहाही चॅनेल आवाजासकट आहेत, तरी रिसीव्हर स्टीरिओच दाखवतो. ऑप्टिकल वायर आहे.

सोल्डरगन

प्लेअरच्या सेटअपमध्ये डिजिटल ऑडिओ आउट 'पीसीएम' वर असणार. तसं असलं की प्लेअर स्वतःच डीकोड करून दोन चॅनेल ऑप्टिकलमधून पाठवतो. 'बिटस्ट्रीम' करा, काही प्लेअरांत त्याला 'रॉ' म्हणतात.

रेवडी

झालं!! इतके दिवस पीसीएमवर सिनेमे बघत होतो म्हणजे आम्ही.

खुडबुड्या

डीव्हीडी करायचीच तर डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा सराउंड प्रकार) का नाही? १५०९ केबीपीएस. एसी-३ च्या तिप्पट.

कानसेन

कारण स्रोत ४४८ चा एसी-३ आहे. कॅमेऱ्याने जे टाकून दिलं ते मोठ्या पिंपात ओतून परत येत नाही. शिवाय डीटीएस डीव्हीडीत ऐच्छिक आहे, प्रत्येक प्लेअरने तो वाजवलाच पाहिजे असं नाही, म्हणून त्याच्या जोडीला एसी-३ किंवा एलपीसीएम ठेवावाच लागतो. मग जागा दोनदा जाते.

जागेचा हिशोब एकदा मांडून टाकू, कारण पुढे लागेल. एक थराची डीव्हीडी ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार ५.२ एमबीपीएस, त्यात चित्र, आवाज आणि वेष्टनाचा खर्च सगळं आलं. ५.१ एसी-३ ला ०.४४८ दिले तर चित्राला साडेचारच्या आसपास उरतं. एलपीसीएम स्टीरिओला १.५३६ जातात, चित्राला साडेतीन. मिरवणुकीत गुलाल उडतोय, पावसाचे थेंब आहेत, शंभर माणसं हलताहेत. तिथे एक एमबीपीएस कमी झाला की चौकटी दिसू लागतात. गुलाल एमपेग-२ चा शत्रू आहे.

मृद्गंधा

मिरवणूक जोडून, ऑडिओ कॉपी ठेवून पुन्हा तबकडी केली (या वेळी री-रायटेबलवर). काल मामाकडे लावली. मागच्या बाजूला खरंच लोक बोलत होते! नवऱ्याचं 'अगं सरक ना जरा' मात्र थेट मामाच्या डोक्यामागून आलं, कारण कॅमेरा त्याच्याच हातात होता.

आता सहस्रचंद्रदर्शन. त्यात भरपूर काटछाट आहे, वर सनई टाकायची आहे, म्हणजे कॉपी चालणार नाही ना?

कानसेन

नाही चालणार. तिथे ५.१ टाइमलाइन आणि पुन्हा एन्कोड, दुसरा मार्ग नाही. आधी एसी-३ उलगडून सहा चॅनेलची वेव्ह करा आणि एडिटरला ती द्या. एफएफएमपेगने उलगडत असाल तर त्याच्या डीकोडरमध्ये डायनॅमिक रेंजचा आकडा शून्य करा. डिफॉल्ट एक आहे, म्हणजे प्रवाहात कॉम्प्रेशनच्या सूचना असतील तर तो त्या पाळतो, आणि ते कॉम्प्रेशन मग तुमच्या वेव्हमध्ये कायमचं भाजलं जातं.

सनई समोरच्या डाव्या-उजव्यातच ठेवा. मागच्या चॅनेलांत जी हॉलची कुजबुज आहे ती तशीच राहू द्या, आजीला ओवाळतानाची गडबड तिथेच आहे.

आणि क्रम. सहा सुट्या मोनो फायली काढून पुन्हा एन्कोडरला देणार असाल तर हा क्रम चुकवू नका. वेव्हचा क्रम डावा, उजवा, सेंटर, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमावाल्यांचा डावा, सेंटर, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई. दुसऱ्या क्रमाच्या फायली पहिल्या क्रमाच्या खोक्यांत टाकल्या तर बोलणं उजव्या स्पीकरमधून येतं, समोरचा उजवा आवाज सेंटरमधून, मागचा डावा एलएफईत जाऊन १२० हर्ट्झच्या वर कापला जातो, मागचा उजवा डावीकडे येतो आणि शेवटच्या स्पीकरमधून नुसती घरघर. अशी तबकडी ऐकली की आधी स्पीकरच्या वायरी तपासल्या जातात, फाइल कुणी तपासत नाही. एक मिनिटाची चाचणी करा, प्रत्येक चॅनेलमध्ये त्याचं नाव बोलून.

ईशान्य_वारा

न्यू जर्सीहून. मृद्गंधाताई, एक प्रत इकडच्या कुणाला पाठवणार असाल तर एनटीएससी (इकडची टीव्ही पद्धत, भारतातली पाल) करा, इथले बरेच प्लेअर पाल तबकडी घेतच नाहीत. तिकडचे प्लेअर बहुधा दोन्ही घेतात. मला सासूबाईंनी पाठवलेली डोहाळजेवणाची पाल तबकडी शेवटी लॅपटॉपवर बघावी लागली. आवाजाला काही वेगळं करावं लागतं का? २५ चे २९.९७ होताना लांबी बदलत असेल ना?

सोल्डरगन

लांबी बदलू द्यायची नाही. सेकंदाला २५ फ्रेमांचे २९.९७ होतात पण मिनिट मिनिटच राहतं, त्यामुळे एसी-३ तोच, कॉपीच करून, चालतो. लांबी बदलत असेल तर सॉफ्टवेअर फ्रेमा मोजून नुसता वेग वाढवतंय, ते थांबवा. आणि एमपी२ ऑडिओ ठेवू नका. पाल तबकडीत तो चालतो, एनटीएससीत एसी-३ किंवा एलपीसीएम हवाच.

मृद्गंधा

बहीण टोरांटोला आहे, म्हणजे हे लागणारच. धन्यवाद.

आता व्हीएचएसचं लग्न. एकाच डीव्हीडीवर ५.१ आणि हे असं दोन्ही चालतं का? की सगळ्याला ५.१ करू? एका ठिकाणी स्टीरिओचं ५.१ करून देणारं प्लगइन बघितलं.

सोल्डरगन

माझं मत कानसेनांना आवडणार नाही. थोडं अपमिक्स (दोन चॅनेलांचे जास्त करणं) करावं. मंगलाष्टकं मागच्या स्पीकरांतून हलकीशी आली की मांडवात बसल्यासारखं वाटतं. चांगल्या प्लगइनने केलं तर वाईट होत नाही, मी केलं आहे.

कानसेन

नाहीच आवडलं.

बहुतेक लग्नांच्या व्हीएचएसमध्ये आवाज कडेच्या रेषीय ट्रॅकवर आहे, म्हणजे मोनो. कॅप्चर कार्डाने त्याचे दोन केले. अपमिक्स करणारं कोणतंही यंत्र डाव्या-उजव्यातल्या फरकावरून दिशा ओळखतं. मोनोत फरकच नाही, मग ते ओळखणार काय? उरतो तो रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), आणि तो त्या मांडवाचा नसतो, प्लगइन लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या हॉलचा असतो. मूळ स्टीरिओ असेल, हाय-फाय व्हीसीआरवर रेकॉर्ड झालेली टेप असेल, तरी २.० पाठवा आणि रिसीव्हरला प्रोलॉजिक करू द्या. आवडलं नाही तर मामा एका बटणाने बंद करतील. तबकडीत भाजलेलं अपमिक्स बंद करता येत नाही.

मोनोच्या बाबतीत एक बारकावा. कॅप्चरमध्ये डावी-उजवी दिसायला सारखी असली तरी दोन्ही वाटांनी थोडा वेगळा सूंसूं मिसळलेला असतो. प्रोलॉजिक दोन्हींत सारखं असेल ते सेंटरला पाठवतं आणि फरक मागे. म्हणजे भटजी समोर आणि नुसती खरखर मागच्या स्पीकरांत. म्हणून ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये त्यातली स्वच्छ असेल ती एक बाजू घ्या, तीच दोन्हीकडे ठेवा, आणि २.० एसी-३, १९२ केबीपीएसने काढा. एफएफएमपेगचं तयार 'पाल-डीव्हीडी' लक्ष्य वापरलंत तर ते स्टीरिओलाही ४४८ लावतं, तो आकडा हाताने बदला. तासाला २०० एमबीच्या जागी ८६ एमबी लागतात.

सोल्डरगन

खरखरीचा मुद्दा मान्य. रिव्हर्बवर मी ठाम. आईबाबांना आवडलं पाहिजे, रिसीव्हरला नाही.

टिचकी

दोन ऑडिओ ट्रॅक ठेवा. एक कानसेनी, एक सोल्डरी. डीव्हीडीत आठ ट्रॅक बसतात म्हणे, उरलेल्या सहांत नातेवाइकांच्या प्रतिक्रिया.

कानसेन

टिचकी गंमत करताहेत पण आठाचा आकडा बरोबर आहे, आणि सल्लाही वाईट नाही. १९२ चा एक जादा ट्रॅक परवडतो.

मृद्गंधा, एकत्र चालतं, फक्त टायटलसेट (डीव्हीडीवरचे टायटलांचे गट) वेगळे करा. एका टायटलसेटमधल्या सगळ्या टायटलांचे ऑडिओ एकाच जातीचे असावे लागतात: ट्रॅक किती, कोणता कोडेक, चॅनेल किती. हँडीकॅमचे ५.१ वाले दोन भाग एका टायटलसेटमध्ये, व्हीएचएस आणि मुंज दुसऱ्यात. मेनू एकच राहतो, बघणाऱ्याला कळतही नाही. सगळं एकातच कोंबलं तर काही प्लेअर वाजवतात, काही मध्येच गप्प होतात, आणि कुठला गप्प होईल ते आधी सांगता येत नाही. सोल्डरगनांचा मांडव दुसरा ट्रॅक म्हणून घेणार असाल तर त्या टायटलसेटमध्ये मुंजीलाही दुसरा ट्रॅक द्यावा लागेल, तोच आवाज पुन्हा दिला तरी चालेल.

मृद्गंधा

मुंजीचंच विचारणार होते. कॅप्चर केलेली फाइल नीट वाजते, पण डीव्हीडीच्या रूपांतरानंतर भटजी गायत्री मंत्र दीडपट वेगाने आणि चिरक्या आवाजात म्हणतात, आणि मग उरलेला वेळ शांतता. मीडियाइन्फोत ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट.

सोल्डरगन

दीडपटच असणार, ४८ भागिले ३२. मिनीडीव्हीचे कॅमेरे दोन प्रकारे आवाज घेत: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ, किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. दुसऱ्यात चार चॅनेल मावतात, दोन स्टीरिओ जोड्या, म्हणजे नंतर वरून निवेदन भरता यावं म्हणून. बऱ्याच कॅमेऱ्यांत डिफॉल्ट १२ बिटच असे, त्यामुळे अशा टेपा घरोघर आहेत. डीव्हीडीला ३२ चालत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने रीसॅम्पल न करता नुसती ४८ ची पाटी लावली आहे.

ऑडिओ वेगळा काढा, ऑडॅसिटीत उघडा, तिथे तो योग्य वेगात वाजतोय ना बघा, प्रोजेक्टचा दर ४८,००० करून वेव्ह एक्स्पोर्ट करा. मग त्याचा २.० एसी-३. चित्राशी जोडल्यावर सुरुवात नाही, शेवट तपासा. घरगुती डीव्हीत आवाजाचं घड्याळ चित्राला बांधलेलं नसतं, तासाभराच्या टेपमध्ये थोडं सरकू शकतं. सरकलं असेल तर वेव्हची लांबी चित्राच्या लांबीइतकी ताणा, तेवढ्याने सूर बदललेला कळत नाही.

आणि दुसऱ्या जोडीत काही आहे का तेही ऐका. कॅप्चर सॉफ्टवेअर सहसा पहिलीच जोडी घेतं, दुसरी हवी असेल तर कॅमेऱ्याच्या मेनूतून ऑडिओ मिक्स तिकडे फिरवून टेप पुन्हा वाजवावी लागते.

मृद्गंधा

दुसऱ्या जोडीत आत्याचा आवाज आहे! कोण कोण पाहुणे आले ते नावानिशी सांगत गेलीय, पूर्ण पाऊण तास. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही आठवत नाही. मुंजीच्या टायटलला दुसरा ट्रॅक मिळाला. मग व्हीएचएसच्या दुसऱ्या ट्रॅकवर सोल्डरगनांचा मांडव घेते, प्लगइनचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा.

सोल्डरगन

केला. आउटपुट २.० च ठेवा बरं का, ५.१ नको, नाहीतर आत्याच्या ट्रॅकशी जात जुळणार नाही.